फरिश्त्यांनी अर्धं ठेवलेलं काम

माझ्या मुलाने ही हकिकत लिहायला परवानगी दिली, पण अट घातली. "अम्मी, नाव घालायचं नाही. माझं नाही, तुझं नाही, कुणाचंच नाही." मी म्हटलं, अरे, नाव नसलं तरी अर्ध्या भिवंडीला कळेल, आणि उरलेल्या अर्ध्या भिवंडीला ते तेव्हाच कळलं होतं. त्याने कपाळावर हात मारला आणि तो कामावर निघून गेला. संध्याकाळी येऊन परवानगी परत घेईल या भीतीने मी दुपारीच लिहायला बसले आहे.

तर माझा मुलगा सुन्नत, म्हणजे सुंता, होऊनच जन्माला आला.

सुइणीने तसं जाहीरच केलं. बाळाला पुसता पुसता ती थबकली, वाकून पाहिलं आणि ओरडली, "या अल्ला! दादी, इकडं या! फरिश्ते करून गेलेत!" दादी म्हणजे माझ्या सासऱ्यांची आई. तिने चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला आणि रडायला लागली. आमच्यात असं मूल फार नशिबाचं मानतात. बाकीच्या पोरांना खलीफासमोर बसावं लागतं. खलीफा म्हणजे सुन्नत करणारा आमचा न्हावी. याचं काम मात्र फरिश्त्यांनी माझ्या पोटातच उरकलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

सासऱ्यांनी त्या दिवशी घराखालच्या कापडाच्या कारखान्यातले सगळे लूम बंद ठेवले. माझ्या लग्नात ठेवले नव्हते. त्या खटखटाटात 'कबूल आहे' हे मी इतक्या मोठ्याने ओरडले होते, की रस्त्यावरचा फळवाला दचकला म्हणे. माझ्या आवाजाबद्दल पुढे सासऱ्यांनी बऱ्याच तक्रारी केल्या. मी दर वेळी त्यांना त्या दिवसाची आठवण करून द्यायची.

जेवणावळ झाली. मोहल्ला जेवला, बाजारातले व्यापारी जेवले. बायका बाळाला बघायला येऊ लागल्या. दादी दाराशी बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि येणारीच्या तळहातावर त्याच्या बोटाने साखर ठेववायची. पोटुशी बाई आली की दोन चिमट्या. मला यात भलती मजा येत होती. फरिश्त्यांच्या पोराची आई म्हणून मला बसायला पाट मिळायचा, आणि जावेला उभं राहून सरबत वाटावं लागायचं.

मजा संपली ती पोरगा उभा राहून लघवी करायला शिकला तेव्हा. धार पुढे जाईना. ती सरळ खाली, त्याच्या पायांवर. पायजमा भिजायचा, पावलं भिजायची, आणि तो गोंधळून माझ्याकडे बघायचा, जणू नळ मीच वाकडा बसवला होता. मी त्याला गावातल्या लेडी डॉक्टरकडे नेलं. तिने पाहून मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या सर्जनकडे पाठवलं.

सर्जन मराठी गृहस्थ होते, बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल खोचलेली. त्यांनी विचारलं, "तुमच्यात सुन्नत करतात ना?"

"याची झालीय," मी मान ताठ करून म्हणाले.

"कुणी केली?"

"फरिश्त्यांनी."

ते हसले नाहीत. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला जन्मभर दुवा देईन. त्यांनी पेन्सिल काढली, कागदावर चित्र काढलं आणि समजावून सांगितलं. पोराची लघवीची वाट टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती, तिचं तोंड खालच्या अंगाला उघडत होतं. अशा मुलांची पुढची कातडी अर्धीच असते, वरच्या बाजूला टोपीसारखी, म्हणून सुन्नत झाल्यासारखं दिसतं. "आणि ही जी टोपी आहे ना, तिच्यातूनच मला पुढची वाट बनवायची आहे. चार वर्षांचा झाला की आणा. तोपर्यंत तिला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. ती कापली गेली तर मी शिवू कशाने?"

कापडवाल्यांच्या घरात नांदणाऱ्या बाईला हे दोनदा सांगावं लागत नाही. ताग्याचं टोक कुणी फडकं म्हणून कापून नेलं, तर गिऱ्हाईक आल्यावर काय दाखवणार?

नवरा जहाजावर इंजिनखान्यात कामाला होता, महिनोन्‌महिने घराबाहेर. मुंबईहून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं होतं. पुन्हा जहाजावर जाताना तो एवढंच म्हणाला, "तू बघ." मी बघत होते.

मग जावेच्या मुलाच्या सुन्नतीचं ठरलं. घोडा, बँड, गळ्यात हार, सगळा थाट. खलीफा पोर बघायला आला. त्याचं लक्ष माझ्या मुलाकडे गेलं. तो तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि अंगणात नागडाच हुंदडत होता. खलीफाने त्याला जवळ घेतलं, पाहिलं आणि जिभेने टक असा आवाज केला. "सेठ, ये अधुरी है. थोडी सफाई करून टाकतो. दोन्ही पोरं एकाच बैठकीत."

सासऱ्यांचा चेहरा असा उजळला की मला सगळं कळलं. या माणसाला तीन वर्षं एकच दुःख होतं. फरिश्त्यांनी काम उरकलं, पण वरात बुडवली. नातवाला घोड्यावर बसवायचं राहून गेलं होतं. आता एका घोड्यावर दोन नातू!

"नाही," मी म्हणाले.

खलीफाने पोराला हळूच सोडून दिलं. 

"काय नाही?" सासरे म्हणाले.

"याला वस्तरा लागणार नाही, अब्बा. डॉक्टरांनी सांगितलंय. ती कातडी त्यांना लागणार आहे."

"कुठला डॉक्टर? तो मुंबईचा? हिंदू?" सासरे उठून उभे राहिले. "माझ्या नातवाची सुन्नत एक हिंदू डॉक्टर अडवणार?"

"तुमचा लूम बंद पडला की वज्रेश्वरीहून फिटर येतो, त्याला तुम्ही कधी धर्म विचारलात? त्याला तुम्ही चहा विचारता."

जाऊ पदर तोंडाशी धरून आत पळाली. हसत होती की घाबरली होती, ते आजवर सांगत नाही.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की सून सुन्नत करू देत नाही. रात्रीच्या नमाजापर्यंत ती सून धर्म सोडायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांना, ते मराठी शाळेत मास्तर होते, चहाच्या दुकानात कुणीतरी विचारलं, "मास्तर, पोरीला काय शिकवलंत?" वडील म्हणाले, "वाचायला. चूक झाली खरी. आता ती थांबत नाही."

सासऱ्यांनी मग कायद्याचं हत्यार काढलं. आमच्या घरचे वकील म्हणजे भिवंडीतलं जुनं हिंदू घराणं. कारखान्याचे सगळे तंटे त्यांच्याकडे. सासरे मला म्हणाले, "चल. माझं ऐकत नाहीस ना, वकिलाच्या तोंडून ऐक." मी बुरखा चढवला, पोराला कडेवर घेतलं आणि निघाले. त्यांना वाटलं होतं मी रडेन. मी रस्त्यात पोराला चिक्की घेऊन दिली.

वकीलसाहेबांची मोठी पंचाईत झाली होती. परक्या बाईसमोर 'सुन्नत' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बोलत होते. "बाई, त्या... त्या विधीच्या बाबतीत असं आहे, की तुमच्या कायद्याने मुलाचा पालक त्याचा बाप. बाप नसेल तर बापाचा बाप. आई ही सांभाळणारी. म्हणजे ताबा तिच्याकडे, पण निर्णय तिचा नाही."

"म्हणजे मी राखणदार," मी म्हणाले.

"हो, साधारण तसंच."

"मग राखणदाराने सुरी येताना दिसली तर काय करायचं? दार उघडून बाजूला व्हायचं?"

वकिलांनी पेपरवेट या बाजूचा त्या बाजूला ठेवला. सासरे म्हणाले, "वकीलसाब, हिला सांगा, कोर्टात गेलो तर काय होईल."

"खरंच सांगा," मी म्हणाले. मला कुठून सुचलं देव जाणे, पण सुचल्यावर मी खुर्चीत जरा सावरून बसले. बुरख्याचा पडदा डोक्यावरून मागे टाकला. असं बोलायचं तर तोंड दिसलं पाहिजे. "कोर्टात गेल्यावर अब्बांना शपथेवर सांगावं लागेल ना, की नातवाची सुन्नत व्हायची आहे?"

"अर्थात."

"मग तीन वर्षांपूर्वी अब्बांनी अर्ध्या गावाला जेवण घातलं ते कशाचं? ती झालीय, फरिश्त्यांनी केलीय, असं सांगून. तुम्हीही जेवायला होतात वकीलसाहेब, तुमच्यासाठी वेगळी खीर केली होती. आता अब्बा जजसमोर काय म्हणणार? तेव्हा खोटं सांगितलं म्हणणार, की फरिश्त्यांनी कामात हयगय केली म्हणणार?"

वकिलांनी रुमाल काढून तोंडावर धरला. रुमाल बराच वेळ तिथेच होता आणि खांदे हलत होते. सासऱ्यांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. पोर चिक्की खात होतं.

"ठीक हाय," ते शेवटी म्हणाले. गावाकडची बोली त्यांच्या तोंडी फक्त फार रागावल्यावर यायची. "फरिश्त्यांनीच केली. पुरी केली. खलीफा हात लावणार न्हाय."

मी जिंकले! मी घरी आले ती जवळपास नाचत. जावेच्या मुलाची वरात निघाली तेव्हा घोड्यावर एकच पोर होतं, आणि मी गच्चीतून ओंजळी भरभरून फुलं उधळली.

माझा तो विजय कसा होता ते मला पोराला चार वर्षं पूर्ण झाली तेव्हा कळलं. मी सासऱ्यांना म्हणाले, आता इस्पितळात न्यायची वेळ झाली. ते जेवत होते. घास खाली न ठेवता म्हणाले, "कशाला?"

"ऑपरेशनला."

"कसलं ऑपरेशन? फरिश्त्यांनी पुरी केलीय. तूच म्हणालीस. वकिलासमोर." आणि वर असं हसले की काय सांगू. "फरिश्त्यांच्या कामावर डॉक्टर हात चालवणार? मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा राहील?"

मीच बांधलेल्या भिंतीवर माझंच डोकं आपटलं होतं. बरं, सासरे एकटे नव्हते. दादीही त्यांच्या बाजूने. ती अजून बायकांच्या हातावर साखर ठेववत होती. तिच्या दृष्टीने या पोरात काही उणं असणं शक्यच नव्हतं. आणि तिकडे पोर मोठं होत होतं. मोठ्या चुलतभावाने त्याला मोरीवर बसलेलं पाहून "लडकी, लडकी" म्हणून टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून तो मोरीवर जाताना आधी कुणी बघत नाही ना ते पाहू लागला. चार वर्षांच्या पोराने असं चोरासारखं इकडेतिकडे बघावं, हे मला सोसेना. तेव्हा मी ठरवलं की फरिश्त्यांचं प्रकरण फरिश्त्यांच्याच वकिलासमोर न्यायचं. म्हणजे दादीसमोर.

दादीची एक गोष्ट साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होती: पाकी, म्हणजे स्वच्छतेचं सोवळं. नमाजाच्या जागेजवळून मांजर गेली तरी ती जागा पुन्हा धुवायची. त्या दिवसांत ती पणतवाला नमाज शिकवत होती. तो तिच्या शेजारी, तिच्या पदराला चिकटून, तिच्याबरोबर वाकायचा, टेकायचा. आजवर मी काय करत होते? प्रत्येक नमाजाआधी त्याला गुपचूप मागे न्यायची, पाय धुवायची, कोरडा पायजमा घालायची. दादीला कधी काही कळलंच नव्हतं.

मी पायजमा बदलणं बंद केलं.

पहिल्या दिवशी दादी सजद्यातून, जमिनीला टेकलेलं कपाळ उचलून, उठली आणि तिचा हात पोराच्या पायाला लागला. "हे ओलं कशानं?" मी म्हणाले, "लघवीला गेला होता, दादी." तिने चटई धुवायला टाकली, पुन्हा हातपाय-तोंड धुऊन वजू केला, नमाज पुन्हा पढला. दुपारी तेच. संध्याकाळी तेच. दादी पोरावर ओरडली, "नीट कर की रे! बघून करावं!" त्याने खाली मान घालून सांगितलं, "दादी, मी नीटच करतो. तेच खाली येतं. बसून केलं तर कमी भिजतो."

दादीने ओली चटई बाजूला सारली. मग तिने मला बोलावलं, चष्मा मागितला, पोराला मोरीवर नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिने पोराचे पाय स्वतःच्या हातांनी धुतलेले होते.

"कधीपासून हाय हे?"

"पहिल्यापासून."

"आणि तू पायजमे बदलत होतीस?"

"हो."

"आता बदलायचं सोडलंस?"

"हो."

"हरामखोर हायस," दादी म्हणाली. इतक्या मायेने मला त्या घरात कुणी काही म्हटलं नव्हतं.

सर्जनने काढलेलं चित्र मी तिला समजावून सांगितलं. तिने ते उजेडाला धरून पाहिलं. तिला फरिश्ते सोडायचे नव्हते, मलाही ते सोडवायचे नव्हते. शेवटी म्हणाली, "कापायचं त्यांनी कापलं. शिवायचं माणसावर ठेवलं. फरिश्ते काय शिवणकाम करतात व्हय?"

संध्याकाळी खलीफा सासऱ्यांची हजामत करायला आला होता. दादीने त्याला वरूनच विचारलं, "तुझ्या पेटीत सुई हाय?"

"सुई कशाला, दादी?"

"न्हाय ना? मग माझ्या पणतवाकडे बघू नकोस."

सासऱ्यांच्या अर्ध्या गालाला साबण होता. ते म्हणाले, "अम्मा, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी साखर खाल्लीय माझ्या हातची. लोक गप बसतील."

मी दादीला आत नेऊन हळूच सुचवलं, की आपण गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम कुंडावर जातो असं सांगून निघू. ती माझ्यावर खेकसली. "खोटं कशाला? चोरी करतेय मी? त्याच्या डोळ्यांसमोरून जायचं." आणि खरोखरच डोळ्यांसमोरून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातून तागे भरून टेम्पो मुंबईच्या बाजाराला निघत होता. दादी ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली, मांडीवर पोर. मी तिच्या बाजूला. सासरे बनियनवर धावत आले.

"अम्मा, उतर! गाडी मालाची हाय!"

"कारखाना कुणी उभा केला? तुझ्या बापानं. तू त्याचा माल, हा तुझा माल. आज हाच माल जाणार," दादी म्हणाली आणि ड्रायव्हरला कोपराने ढोसलं. बिचारा ड्रायव्हर. त्याने एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा मालकाच्या आईकडे पाहिलं आणि गिअर टाकला. पोर खिडकीतून आजोबांना टाटा करत होतं.

इस्पितळात खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारलं, "मुलाचे वडील कुठायत?"

"समुद्रात."

त्याने चमकून वर पाहिलं. "जहाजावर," मी म्हणाले.

"मग सही कोण करणार? आजोबा?"

मागून आवाज आला, "आजोबा इथं हाय." सासरे एसटी पकडून आमच्या मागोमाग आले होते. हातात जेवणाचा डबा. घाईत बनियनवर नुसता कोट चढवलेला, गालावर काल अर्धवट राहिलेली दाढी तशीच.  आता हे म्हणणार, पालक मी, आणि माझी ना आहे.

मी कारकुनासमोरचा कागद ओढून घेतला. "ताबा माझ्याकडे आहे. भिवंडीच्या वकिलाने सांगितलंय. राखणदार मी आहे. सही मी करणार. ज्याला आडवं यायचं असेल त्याने या खिडकीशी, सगळ्यांसमोर यावं." माझा आवाज लग्नातल्यासारखा लागला. रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. कारकून म्हणाला, "बाई, करा ना. आई चालते. एवढं ओरडता कशाला?"

मी सही केली. मराठीत, पूर्ण नावाने, रेघेबाहेर जाईल इतकी मोठी.  सासऱ्यांनी डबा दादीच्या हातात दिला आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागताना दादी आणि मी बिस्मिल्ला म्हणालो. बाकाच्या त्या टोकावरूनही कुणीतरी पुटपुटलं.

एकदाने भागलं नाही. टाक्यांजवळ एक बारीक भोक राहिलं, काही महिन्यांनी पुन्हा जावं लागलं. गावात त्यावरूनही बोलणारे बोलले, बघा, फरिश्त्यांचं काम बिघडवलं. मी दोन्ही वेळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून निघाले, दोन्ही वेळा सही माझीच. वाट बनवण्यात ती सगळी कातडी वापरली गेली, म्हणजे खलीफासाठी काही उरलंच नाही. तेव्हा सासऱ्यांनी घोडा मागवला. पोर घोड्यावर, गळ्यात हार, पुढे बँड. येणाऱ्याजाणाऱ्याला सासरे सांगत होते, "फरिश्त्यांनीच मुंबईला बोलावून घेतलं." मी गच्चीतून ओरडले, "आणि सही मी केली!" बँड थोडा चुकला.

वरात परत आली. पोर घोड्यावरून उतरलं, हार काढून फेकला आणि धावत कारखान्याच्या भिंतीशी गेलं. चुलतभाऊ बघत होता, बँडवाले बघत होते, सासरे पाहुण्यांना सोडायला फाटकाशी उभे होते. पोराने इकडेतिकडे बघितलं नाही. पाय फाकून उभा राहिला आणि सासऱ्यांनी त्याच आठवड्यात चुना मारून घेतलेल्या भिंतीवर, स्वतःच्या डोक्याच्या उंचीला, सरळ धार मारली.

"अरे, अरे! भिंत!" सासरे ओरडले. "मोरीवर जा! कुणी अडवा त्याला!"

"कुणी हात लावायचा नाही," मी गच्चीतून म्हणाले. "संपू द्या."